लाल बुडाची वीस काडतुसे

मी, ताइमी केंपाइनन, वय सत्त्याहत्तर, राहणार पेल्टो कॉर्नर, जिल्हा बराग, मिशिगन, दिवंगत रेइनो केंपाइनन यांची पत्नी, हा कागद स्वतःच्या हाताने, स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहिते आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी गेल्या महिन्यात तसे लिहून दिले, पण मला ते त्यांच्या आधीपासून ठाऊक होते. कोणी मागे उभे राहून हे माझ्याकडून लिहवून घेत नाही. मागे उभे राहिलेले मला वर्गातही खपत नसे. १९८१ सालचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे रेइनोला दिले होते, आणि तो आधी गेला.

वकिलाने दोन गोष्टी बजावल्या आहेत. एक, खाडाखोड करू नये; मत बदलले तर खाली नवे कलम लिहावे, शेवटचे लिहिलेले खरे धरले जाते. दोन, ज्याला काही मिळणार आहे त्याची साक्ष घेऊ नये. दोन्ही सूचना मला पटल्या. दुसरी जरा जास्तच पटली. का, ते कलम पाचमध्ये येईल.

कलम १. माझ्या दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी आणि वेलदोड्याचा पाव एवढेच असावे. माझा दीर आर्वो याने भाषण करू नये. पॅस्ट्या नकोत. शेजारीण लॉरेन ट्रेव्हॅरो मांस-बटाटा भरून भाजलेल्या पॅस्ट्यांचा डबा घेऊन निघेलच; तिला दारातच नम्रपणे थांबवावे. तिच्या पॅस्टीसारखी पॅस्टी जिल्ह्यात नाही, हे मी पन्नास वर्षे ऐकत आले आहे. त्यातली बेचाळीस वर्षे माझ्याच नवऱ्याकडून.

कलम २. राहते घर, सौना म्हणजे वाफेची न्हाणी, आणि बँकेत जे असेल ते माझी मुलगी मार्लिस हिला. सौनाची चूल दर शरदात साफ करावी. मार्लिसचा नवरा म्हणेल की त्याऐवजी विजेची शेगडी बसवू. बसवू नये.

कलम ३. दलदलीच्या काठचा शिकारीचा कॅम्प, म्हणजे लाकडी खोपट, सहा बाकडी, चूल आणि चाळीस एकर जंगल, माझा दीर आर्वो केंपाइनन याला. अट एकच: चुलीमागची भिंत आहे तशी ठेवावी. ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचे मागचे टोक कात्रीने कापून, नाव आणि साल घालून त्या भिंतीवर ठोकायचे, ही रेइनोच्या वडिलांनी घातलेली पद्धत. आजमितीस तिथे एक्केचाळीस टोके आहेत. त्यातली नऊ एकट्या आर्वोची. त्याची बायको म्हणायची की नोव्हेंबरनंतर याचे शर्ट इस्त्री करायला सोपे जातात. माझे टोक त्या भिंतीवर नाही. चौतीस हंगाम मी दलदलीतल्या लपणात बसले आणि एकदाही चुकले नाही. हे बढाई म्हणून नव्हे, नोंद म्हणून लिहिते.

कलम ४. तळघरातले काडतुसे भरायचे टेबल, दाबयंत्र, तराजू आणि गोळ्यांचे डबे.

आमच्याकडे सगळ्यांच्या रायफली एकाच काडतुसाच्या, थर्टी-ऑट-सिक्सच्या. या काडतुसाची गंमत अशी की पितळी नळी तीच, पण तिच्या तोंडात गोळी किती वजनाची बसवायची हे भरणाऱ्याने ठरवायचे. वजन ग्रेनमध्ये मोजतात. साडेपंधरा ग्रेन म्हणजे एक ग्रॅम. दीडशेची गोळी हलकी, वेगाने जाते, लांबवर सपाट जाते, खांद्याला धक्का कमी बसतो. एकशेऐंशीची सावकाश निघते, दूरवर खाली येते, पण हरीण तिरके उभे असले तरी आरपार घुसते. दलदलीत जखमी हरीण हुडकणे म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे तो एकशेऐंशी घेतो. जड गोळी फांद्यांतून सरळ जाते असे आर्वो सांगत फिरतो. तसे काही नाही. मी एका रविवारी खडीच्या खाणीत झुडपाआड कागद लावून पाहिले आहे. फांदीला लागलेली कोणतीच गोळी सरळ जात नाही.

रेइनो भरलेल्या काडतुसांच्या बुडाला रंगाची कड देत असे, म्हणजे अंधाऱ्या पहाटे खिशात घोटाळा नको. दीडशे लाल, एकशेऐंशी निळी, एकशेपासष्ट बिनरंगी.

तर वाटणी अशी. एकशेऐंशीची सगळी आर्वोला. दलदल आता त्याची आहे. दोनशेवीसची अकरा आहेत तीही त्यालाच. अस्वल मारीन असे तो १९७४ पासून म्हणतो आहे. एकशेपासष्टची जावयाला. ज्याला मोकळे रान आहे की झाडी हे आधी सांगता येत नाही, किंवा ज्याला काहीच ठरवता येत नाही, त्याच्यासाठी ते वजन चांगले. दीडशेचे दोन डबे खाणीत नेऊन मातीच्या ढिगावर झाडून टाकावेत. तराजू मार्लिसने ठेवावा, पीठ मोजायला उपयोगी आहे. टेबलाच्या खणात रेइनोची नोंदवही आहे. ती न उघडता सौनाच्या चुलीत घालावी.

कलम ५. रेइनोची रायफल मार्लिसला. ती शिकार करत नाही. तरीही तिलाच, म्हणजे रायफल दुसरीकडे जाणार नाही.

लॉरेन ट्रेव्हॅरो हिला मी काहीही देत नाही. बुधवारी ती या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायला येणार आहे. मीच बोलावले आहे. म्हणजे पुढे कोणी असे म्हणू नये की ताइमी तिला विसरली.

कलम ६. याचे कारण मार्लिस विचारील, म्हणून लिहिते.

मी हाउटनच्या कॉलेजातून १९६८ साली रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि एकतीस वर्षे शाळेत तोच विषय शिकवला. मी आयुष्यात नखे रंगवली नाहीत. १९९४ च्या शरदात मी तळघरात गेले तर टेबलावर तराजूच्या शेजारी लाल नेलपॉलिशची बाटली. अर्धी वापरलेली. मी विचारले, ही कुठून आली? रेइनो म्हणाला, लॉरेनने दिली, पितळेला छान धरते. त्याआधी लाल कड लोखंडाला लावायच्या रंगाची असे, आणि तीही पितळेला छानच धरत असे.

लॉरेनचा नवरा ८९ साली वारला. पुढच्या हंगामापासून ती कॅम्पवर एकटी येऊ लागली आणि रेइनो तिची काडतुसे भरू लागला. इथवर माझी हरकत नव्हती. पण ९४ पासून तिचा डबा वेगळा झाला. दीडशेची गोळी, बारूदही हात राखून, आणि डब्यावर रेइनोच्या अक्षरात: ‘लॉ.साठी. मऊ.’ मला पहिल्या हंगामापासून एकशेऐंशी. दर नोव्हेंबरात माझा खांदा जांभळा, मग हिरवा, मग पिवळा होत असे, आणि माझ्या डब्यावर कधी काही लिहिलेले नसे.

मी त्याला एकदा विचारले. तो म्हणाला, “तू दलदलीत बसतेस. तिथे जड लागते. वजन जंगल ठरवतं ग, माणूस नाही.”

“मग लॉरेनचं कोण ठरवतं?”

“ती विजेच्या तारांखालच्या मोकळ्या पट्ट्यात बसते. दोनशे वार मोकळं आहे तिथे.”

उत्तर बिनचूक होते. तपासणीला दिले असते तर मी पूर्ण गुण दिले असते. पण ‘मऊ’ हा शब्द जंगलाने ठरवलेला नव्हता.

१९९७ साली पंधरा नोव्हेंबरला, हंगामाच्या पहिल्याच सकाळी, लॉरेनसमोर दहा टोकांच्या शिंगांचा नर आला आणि तिने तो चुकवला. छातीखालचे पांढरे केस आणि रक्ताचे तीन थेंब एवढेच मिळाले. रेइनो दोन दिवस दलदल तुडवत होता. हरीण जगले असावे. त्या संध्याकाळी आर्वो कात्री घेऊन तिच्याकडे निघाला, तेव्हा रेइनो मध्ये उभा राहिला, स्वतःचा शर्ट विजारीतून बाहेर ओढला आणि म्हणाला, “माझं काप. तिचा नेम बरोबर होता, काडतूस मी चुकीचं भरलं.” ते लाल चौकड्यांचे टोक अजून चुलीमागे आहे. लॉरेन परत कधी शिकारीला आली नाही. तिने रायफलही विकली. आणि रेइनोने घरी आल्यावर तळघराची किल्ली माझ्या हातात दिली. “इथून पुढे तू भर. तुझा हात माझ्यापेक्षा सारखा आहे.” त्यानंतर बावीस वर्षे त्याने एकही काडतूस भरले नाही.

हे सोमवारी लिहिले. मृत्युपत्र इथे संपायचे होते.

कलम ७. गुरुवार. वरचे सगळे तसेच राहू द्यावे. पण इथून पुढचे त्याच्या वरचढ समजावे.

लॉरेन काल आली. केशरी टोपी, काठी, आणि थांबवू म्हणेपर्यंत पॅस्ट्यांचा डबा टेबलावर. दुसऱ्या साक्षीदार पोस्टातल्या मिसेस हुहता यांना यायला उशीर होता, म्हणून मी कॉफी ओतली. पुढच्या बुधवारी हंगाम सुरू होतो. बोलणे तिकडे वळले. कागदावर तिचे नाव आधीच लिहिलेले होते, म्हणून मला विचारायला धीर आला. म्हटले, तुला त्या हलक्या गोळ्या कशाला लागायच्या?

“खांद्याचं हाड मोडलं होतं ना माझं. गोठ्याच्या पायरीवरून घसरले, त्र्याण्णव साली.”

“मला बोलली नाहीस.”

“कुणालाच नाही. आर्वो म्हणाला असता, बाई, घरी बसून मोजे विण. रेइनोला शपथ घातली होती. म्हटलं, ताइमीला तर मुळीच सांगायचं नाही.”

“मला मुळीच का नाही?”

ती कपात बघून हसली. “तू एकशेऐंशी मारायचीस. दिवसभर बर्फात बसायचीस, आणि संध्याकाळी त्याच हातानं लाकडं फोडायचीस. मला असा राग यायचा ना तुझा. वाटायचं, देवानं एकीलाच किती द्यावं. खांदापण, आणि नवरापण.”

तीस वर्षे मी तिचा हेवा केला होता आणि तो एकतर्फी आहे अशी माझी समजूत होती. तीही तिने हिसकावली.

मग ती म्हणाली, “आणि ते शर्टाचं टोक. ते माझं आहे, ताइमी. म्हातारपणी आता काय लपवायचं. गोळीत काही खोट नव्हती. मीच डोळे मिटले असणार, खांद्याला लागेल म्हणून. त्यालाही कळलंच असेल. माझी लाज झाकायला खोटं बोलला बिचारा. माझ्यासाठी एवढं दुसरं कुणी केलं नाही बघ. दर पंधरा नोव्हेंबरला मी त्या टोकाची आठवण काढते.”

मी तिला सांगितले की मला बरे वाटत नाही, साक्ष शुक्रवारी घेऊ. ती डबा ठेवून गेली.

आता खरे काय ते लिहिते.

सप्टेंबर १९९७ मध्ये रेइनो आठवडाभर लाकूडतोडीच्या कामाला गेला असताना मी तळघरात लॉरेनचा डबा रिकामा केला आणि वीस काडतुसे नवी भरली. एकशेऐंशीच्या गोळीची. गोळी लांब असते म्हणून जरा आत बसवली, वरून सारखी दिसावी. बारूद त्या वजनाला योग्य तेवढेच, तोलून, दोनदा तपासून घातले. मला तिचा जीव नको होता, तिचा नेम हवा होता. बुडाला लाल नेलपॉलिश दिले, तिच्याच बाटलीतले. तिच्या रायफलीची दुर्बीण दीडशेवर जुळवलेली. दोनशे वारांवर एकशेऐंशीची गोळी त्याच नेमाने चार बोटे खाली लागणार, हे मी गणित करूनच बघितले होते. चार बोटे. दोन गोळ्यांच्या वजनात फरक दोन ग्रॅमचा.

रेइनो गेल्यावर तीन वर्षे मी त्याची नोंदवही उघडली नाही. मागच्या हिवाळ्यात उघडली. पान एकसष्ट, तारीख १८ नोव्हेंबर १९९७. त्याचे अक्षर:

‘लॉ.च्या डब्यातली उरलेली एकोणीस उघडली. सगळी १८०. बारूद बरोबर, चोख. लाल रंग दोन हातांचा आहे. मी एकच हात देतो.’

खाली एक ओळ सोडून: ‘चूक माझी.’

तळघरात आम्ही दोघेच उतरत होतो. म्हणजे पंधरा तारखेच्या संध्याकाळी त्याला संशय आला आणि अठरा तारखेला खात्री झाली. किल्ली त्याने मला एकोणीसला दिली. ‘तुझा हात सारखा आहे’ हे मी पंचवीस वर्षे कौतुक म्हणून जपले होते.

ते खोटे तो माझ्यासाठी बोलला होता. बेचाळीस वर्षांत त्याने मला फूल आणले नाही, डब्यावर माझे नाव घातले नाही, खांद्याला कधी काय लावलेस विचारले नाही. पण भर कॅम्पमध्ये, भावाच्या हातात कात्री असताना, त्याने माझ्यासाठी स्वतःचा शर्ट पुढे केला. मागच्या हिवाळ्यात मला हे कळले, आणि लाज वाटली, आणि लाजेच्या खाली मी अशी सुखावले की तशी लग्नाच्या दिवशीही सुखावले नव्हते. वही जाळायला सांगितली ती यासाठी. लाज मेल्यावर कोणाला दिसू नये, आणि सुख कोणाशी वाटून घ्यावे लागू नये.

आणि काल ती बाई माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझी कॉफी पीत, तेच टोक स्वतःचे म्हणून सांगून गेली. तिचे कौतुक मी पुष्कळ सोसले. हे सोसणार नाही. पण ते परत मिळवायचे तर मला खरे बोलावे लागणार, दुसरी वाट नाही. मी रात्रभर शोधली.

कागदावरून कळवणे हा भित्रेपणा आहे. मेलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, आणि लॉरेनला उलट बोलायचा हक्क आहे. उद्या ती येते आहे. उद्या सांगते.

कलम ८. शनिवार.

सांगितले. वही पान एकसष्टवर उघडून तिच्यापुढे ठेवली आणि जे वर लिहिले आहे तेच क्रमाने सांगितले. क्षमा मागितली, एकदा. ती म्हणाली, ऐकलं.

तिने चष्मा पुसून पान दोनदा वाचले. मग म्हणाली, “नीट भरल्या होत्यास?”

“अगदी नीट.”

“चार बोटं खाली?”

“चार बोटं.”

“आणि मला केस छातीखालचे मिळाले.” तिने टेबलावर बोट ठेवले, हरणाच्या छातीवर ठेवावे तसे, आणि वर चार बोटे मोजली. तिथे काळीज येते. “म्हणजे मी डोळे मिटले नव्हते.”

“नव्हते मिटलेस.”

“सव्वीस वर्षं, ताइमी. सव्वीस वर्षं मला वाटत होतं, मी भित्री आहे. बंदूक विकली मी. माझ्या नवऱ्याची बंदूक.”



वही मिटून ती म्हणाली, “म्हणजे ते टोक तुझं.”

“हो.”

“आणि नेम माझा.”

“नेम तुझा.”

तिने मान हलवली, काठी टेकून उठली आणि विचारले, “कात्री कुठे आहे?”

“दुसऱ्या खणात.”

“उभी राहा. वळ तिकडे.”

मी उभी राहिले. माझ्या अंगात रेइनोचा निळा फ्लॅनेलचा शर्ट होता. तिने तो मागून बाहेर ओढला आणि वीतभर कापला. कात्री वाकडी गेली. मी म्हटले, आर्वोने सरळ कापले असते. ती म्हणाली, “तू गप्प उभी राहा.” मग टोक टेबलावर ठेवले, कोट घातला, आणि निरोप न घेता गेली. दार मात्र नीट लावून घेतले.

तेव्हा शेवटची व्यवस्था अशी, आणि हीच खरी धरावी.

रेइनोची रायफल लॉरेन ट्रेव्हॅरो हिला तिच्या हयातीपर्यंत, नंतर मार्लिसला. दीडशेचे दोन्ही डबे लॉरेनला. मातीवर झाडू नयेत. ते मी या वर्षीच भरले आहेत, बारूद हात राखून. पहिल्या डब्यावर आज सकाळी ‘लॉ.साठी’ एवढे लिहिले. ‘मऊ’ लिहवत नाही.

नोंदवही लॉरेनला. माझ्या मागून येणाऱ्या पहिल्या हंगामात, पहिल्या संध्याकाळी, आर्वोने पान एकसष्ट कॅम्पमध्ये मोठ्याने वाचावे. एवढे भाषण त्याला करता येईल.

चुलीमागचे लाल चौकड्यांचे टोक खिळा काढून उतरवावे आणि माझ्या शवपेटीत, माझ्या उजव्या खांद्याखाली ठेवावे. ते लॉरेनला हातात धरायला द्यावे, ठेवायला देऊ नये. त्याच खिळ्यावर निळे टोक ठोकावे. नाव ताइमी, साल १९९७.

लॉरेनला आता रायफल मिळते आहे, म्हणून तिची साक्ष घेता येत नाही. दुसरा माणूस शोधावा लागला.

कलम १ मधला पॅस्ट्यांचा मजकूर आहे तसाच राहील.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, साक्षीदारांसमोर वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली. सही करताना अंगात तोच शर्ट आहे. मागून गार लागते.

(सही) ताइमी केंपाइनन

साक्षीदार:
१. (सही) एल्सी हुहता, पोस्ट कचेरी, पेल्टो कॉर्नर
२. (सही) वर्नन सोली, लोखंडी सामानाचे दुकान, पेल्टो कॉर्नर

ठिकाण: पेल्टो कॉर्नर, जिल्हा बराग, मिशिगन
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२३